आईचं तेल, बाबांचं पाणी

माझे केस एके काळी गुडघ्याला टेकायचे हे मी सांगितलं, की माझी सून माझ्या डोक्याकडे बघते आणि गालातल्या गालात हसते. हसू दे. तेव्हा आम्ही उज्जैनला देवास गेटजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. घरात कोणी बाई आली की आईचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "वळ गं जरा." मी निमूटपणे पाठ फिरवायची, आई माझी वेणी हातावर घेऊन पाहुणीच्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "हात लावून बघा." पुढचं तिला बोलावं लागायचं नाही. बाई विचारायची, कोणतं तेल हो? मग आई आतून बाटली घेऊन यायची. माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं, मूठभर मेथ्या आणि आवळा, हे सगळं ती लोखंडी कढईत खोबरेल तेलात कढवायची. पाला टाकला की तेल तडतडायला लागायचं, आणि आई सांगायची की कानानं करायचं काम आहे हे, तडतड थांबली की त्याच क्षणी गॅस बंद. एक क्षण पुढे गेलं तर तेल जळकं, एक क्षण मागे राहिलं तर खवट. त्या वासानं आमची खोली, दप्तरं, अंथरुणं, सगळं भरलेलं असायचं. शाळेत मुली मला नाक मुरडायच्या आणि त्यांच्या आया आमच्याकडे तेल न्यायला यायच्या. दुकानाची पाटी दारावर असते, आईची पाटी माझ्या पाठीवर होती. मला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. आता राग आठवत नाही.

बाबा बँकेत होते. अबोल, शिस्तीचे, चिडले की अधिक अबोल. त्यांचं लहानपण नळाच्या रांगेत गेलं होतं, पहाटे बादल्या लावायच्या, भांडणं ऐकायची आणि उशीर झाला म्हणून शाळेत छड्या खायच्या. देवास गेटच्या घरीही पाणी एक दिवसाआड यायचं आणि खालच्या चौकातल्या सामाईक नळावरून आई कळशा भरून जिना चढायची. बाबा ते बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. पण शहराच्या कडेला, नानाखेड्याला प्लॉट घेतला तेव्हा विटा यायच्या आधी त्यांनी बोरिंगवाल्याला बोलावलं. त्याच्या आधी पाणाड्या आला होता. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटभर फिरला आणि एका कोपऱ्यात नारळ उभा राहिला. मग बाबांनीही तोच नारळ घेऊन फिरून बघितलं, आणि त्यांच्याही हातावर तो त्याच जागी उभा राहिला, असं ते शेवटपर्यंत सांगत. पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी पहिला तांब्या भरून देवासमोर ठेवला आणि आईला म्हणाले, "आता तुला जिना नाही चढायचा." आयुष्यात बायकोला ते इतकं प्रेमाचं दुसरं काही बोलले असतील असं मला वाटत नाही. त्यानंतर आमच्या घरी आलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात आधी पाण्याचा पेला यायचा, आणि पेला अर्धा झाला की बाबा विचारायचे, "पाणी गोड आहे ना?" एकच उत्तर होतं. सगळे म्हणायचे, गोड आहे.

ते गोड नव्हतं. पण हे समजायला मला सहा महिने लागले, आणि या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच.

नव्या घरात आल्यावर दोन-तीन महिन्यांतच माझे केस बदलायला लागले. आधी टोकं फाटली. मग वेणी घालताना हाताला खरखर लागायला लागली, आणि नंतर नंतर तर सकाळी घातलेली वेणी कॉलेजात पोचेपर्यंत केरसुणीसारखी फिसकारलेली असायची. शिकेकाईनं तेल निघेना, तेल चिकटून राहायचं आणि त्याच्या खाली केस मात्र वाळलेले. मी चोरून शाम्पू लावायला लागले, एकदा, दोनदा, तर फेसच होईना. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून कंडिशनरचे पाऊच आणले, किराणा दुकानात माळेसारखे लटकवलेले असायचे ते. ओले असेपर्यंत केस लोण्यासारखे लागायचे आणि मला वाटायचं जिंकले. वाळले की पुन्हा तेच. एकाचे दोन पाऊच केले, पाच मिनिटांऐवजी अर्धा तास ठेवून बघितलं, थंडीत कुडकुडत. मग दही, मग कोरफड, मग पिकलेलं केळं, ज्याचे धागे मी पुढे चार दिवस केसांतून वेचत होते. मग मैत्रीण म्हणाली, अंडं. आमच्या घरात अंड्याचं नाव निघालं तरी आई हात धुवायची. मी देवास गेटच्या हातगाडीवरून एक अंडं आणलं, डब्यात रुमालात गुंडाळून, सवारीच्या टेम्पोत डबा छातीशी धरून. न्हाणीघराचं दार लावलं, अंडं फेटून केसांना लावलं आणि थंडीचे दिवस म्हणून चांगलं कढत पाणी डोक्यावर ओतलं. पुढे काय झालं ते स्वयंपाक येणाऱ्या कोणालाही कळेल, मला तेव्हा येत नव्हता. अंडं केसांतच शिजलं.

आई त्या दिवशी माझी वेणी घालायला बसली आणि फणीतून पांढरे कण निघाले. तिला आधी कोंडा वाटला. तिनं नाकाशी नेऊन बघितलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि ओरडण्याची वाट बघत होते. ती ओरडली नाही. फणी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या तेलावर भरोसा नसेल तर सरळ सांग ना. असं लपून कशाला?" मी म्हटलं, "आई, तसं नाही गं." ती म्हणाली, "मग कसं?" मला खरंच माहीत नव्हतं कसं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि तिनं आग्रह केला नाही. आमच्यात असं पहिल्यांदाच होत होतं.

याच सुमारास आईनं ठरवलं की नव्या घरातल्या पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तेलाच्या बाटल्या लुटायच्या. उज्जैनमधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायका येणार, प्रत्येकीच्या हातात एक बाटली जाणार आणि मग पुढे मागणी येईल तसं करायचं. इतकी वर्षं ती ओळखीपाळखीत तेल द्यायची, कधी वाटीभर साखरेच्या बदल्यात, कधी नुसतं 'असू दे हो' म्हणून. आता तिला रीतसर करायचं होतं. लेबलं मी लिहायची होती, वहीच्या कागदावर, हिरव्या शाईनं. मी विचारलं, नाव काय लिहू, सौ. काय? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "नुसतं मालती लिही. मालतीचं माक्याचं तेल." मी चाळीस वेळा तिचं नाव लिहिलं. ती प्रत्येक कागद वाळेपर्यंत बघत बसायची. आणि मला धडकी भरली होती, कारण चाळीस बायका येणार म्हणजे कोणीतरी म्हणणारच, वळ गं जरा. आईला ते माझ्याआधी कळलेलं असणार. ती रोज संध्याकाळी माझ्या डोक्यात इतकं तेल जिरवायची की उशीचा अभ्रा पिवळा पडला, आणि रोज सकाळी केस होते तसेच.

उत्तर मिळालं ते शेजारच्या चौहान भाभींकडून, तेही मागितल्याशिवाय. त्या अंगणात डाळ निवडत होत्या, मी केस उन्हात सोडून उभी होते. त्या म्हणाल्या, "बेटा, कितना भी कुछ लगा ले, कुछ नहीं होना. बोरिंग का पानी भारी है यहाँ. जिस पानी में दाल नहीं पकती, उसमें बाल क्या नरम होंगे?" भारी म्हणजे जड, क्षारांचं पाणी. आमच्या घरी तुरीची डाळ शिजत नव्हती. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणे वेगळे, आणि वरणावर पातळ पाणी तरंगायचं. बाबा म्हणायचे, हल्ली डाळच चांगली येत नाही. बादलीच्या आत पांढरा थर चढलेला असायचा, बाबांचे शर्ट पिवळट दिसायला लागले होते, आणि आम्ही सगळे डाळ बदलत होतो, साबण बदलत होतो, मी कंडिशनर बदलत होते. पाण्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. दाखवायचं कोणी?

खात्री करायला मी आत्याकडे गेले. बाबांची ही मोठी बहीण अजून देवास गेटलाच, आमच्या जुन्या खोल्यांच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिच्याकडच्या नळाच्या पाण्यानं मी साध्या शिकेकाईनं डोकं धुतलं. फेस आला. तेल निघालं. गच्चीवर केस वाळवले आणि हात फिरवला तर ते हातातून सुटून जात होते, पूर्वीसारखे. मला रडू आलं. आत्या म्हणाली, "अगं, केस धुतले की कोणी रडतं का, पागल?" मी तिला काही सांगितलं नाही. घरी येऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हटलं, "आई, तुझं तेल चांगलं आहे. पाणी खराब..." वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात कणकेनं भरलेला होता. बाहेरच्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता. ती कुकरजवळच्या फळीकडे वळली, मागून एक छोटी डबी काढली आणि उघडून मला दाखवली. खाण्याचा सोडा. "पहिल्या महिन्यापासून टाकते आहे चिमूटभर डाळीत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तरी पुरत नाही. मला माहीत नाही असं वाटलं का तुला? त्यांनी जीव ओतलाय त्या बोरिंगमध्ये. खबरदार, तोंडातून काढशील तर."

म्हणजे तिला माहीत होतं. मी अंडं लावलं त्या दिवशीही माहीत होतं, आणि तरी ती मला म्हणाली होती, भरोसा नाही का. मला इतका राग आला की तोंडाला लागलेली कणीक मी पुसून झटकून टाकली. आज मला वाटतं, ती स्वतःलाही तेच सांगत होती, की पाणी नाही, दुसरं काहीतरी असेल. पण सतरा वर्षांच्या मुलीला एवढं कुठून कळणार. शेवटी आईनंच तोड काढली. संक्रांतीच्या दिवशी सकाळी मी आत्याकडे जायचं, डोकं धुवायचं, केस वाळवून यायचं, बाबांना सांगायचं तिळगूळ द्यायला गेले होते. संध्याकाळी केस ठीक असले की झालं. तेलाचंही नाव राहील, पाण्याचंही.

संक्रांतीला सकाळी मी आत्याकडे पोचले तर जिन्यावरच रिकाम्या बादल्यांची ओळ. पाणी यायचा दिवस होता, पण नळ कोरडा. सणाची गर्दी शहरात लोटलेली, नदीवर राम घाटाकडे माणसांचे लोंढे चाललेले, आणि नळ आज येईल की उद्या ते कोणालाच माहीत नव्हतं. आत्याचा ड्रम सकाळच्या सणाच्या आंघोळींत तळाला गेला होता. मी अकरापर्यंत थांबले, बारापर्यंत थांबले. नळातून दोनदा फुसफुस हवा आली आणि दोन्ही वेळा मी धावले. आत्या म्हणाली, "असं काय अडलंय तुझं? घाटावर डुबकी मार जा, पुण्य तरी लागेल." मला हसू आलं नाही. एक वाजता तेलकट, राठ केसांची घट्ट वेणी घालून मी परत निघाले. दारात आईनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती फक्त म्हणाली, "अंबाडा घाल. वर गजरा माळ, मोठा."

संध्याकाळी घर बायकांनी भरलं. परातीत चाळीस बाटल्या, हिरव्या अक्षरांच्या, शेजारी तिळगुळाचा डबा. हळदीकुंकवात पुरुषाचं काही काम नसतं, पण बाबा इस्त्रीचा सदरा घालून स्वतः पाण्याचा ट्रे घेऊन आले. बायका गडबडून पदर सावरायला लागल्या. बाबांनी एकेकीसमोर ट्रे धरला आणि मग विचारलं, "पाणी गोड आहे ना?" सगळ्या म्हणाल्या, हो हो, गोड आहे. मी माझ्या कोपऱ्यात मान खाली घालून तिळगूळ वाटत होते. वाटत वाटत मी मुळेकाकूंपर्यंत आले. या आमच्या देवास गेटच्या जुन्या शेजारीणबाई, आईचं तेल सगळ्यांत आधी नेणाऱ्या त्याच. आईनं त्यांच्या हातात बाटली ठेवली. त्यांनी लेबल वाचलं, "अगंबाई, मालतीचं!" म्हणून कौतुकानं हसल्या, आणि सवयीनं माझ्याकडे हात केला. "वळ गं जरा. अंबाडा कशाला घातलास, सोड की, बघू दे सगळ्यांना." आणि त्यांनीच पिना काढल्या. वेणी पाठीवर पडली. त्यांनी ती हातात घेतली आणि त्यांची बोटं थांबली. वाईट बाई नव्हत्या त्या, मनात आलं की ओठांवर यायचं, एवढंच. "अगं मालती, हे काय झालं पोरीच्या केसांचं? तेलात काही बदललंस का तू?"

एका बाईनं हातातली बाटली हळूच परत परातीत ठेवली. काचेचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. दुसरीनंही ठेवली. मी आईकडे बघितलं. ती परातीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघून माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "तेल चांगलं आहे. आमचं पाणी वाईट आहे. बोरिंगचं. डाळ पण शिजत नाही त्यात." बाबा ट्रे घेऊन दारात उभे होते. तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणायचा दिवस, आणि मी हे बोलले होते. मला वाटलं, आता तरी आई बोलेल. सोड्याची डबी दाखवेल. आई हसली. पाहुण्यांसमोर हसायचं ते हसू. "काहीतरीच बोलते कार्टी," ती म्हणाली. "पाणी तर अमृत आहे आमचं. तेलच यंदा बिघडलं माझं. कढवताना लक्ष राहिलं नाही, जळलं जरा. वाण मी दुसरं पाठवते हं सगळ्यांकडे." आणि तिनं मुळेकाकूंच्या हातातली बाटली काढून घेतली.

कानानं तेल करणारी बाई होती ती. आयुष्यात तिचं एक कढईभर तेल जळलेलं मी बघितलं नव्हतं.

त्यानंतर आईनं विकायला तेल केलं नाही. बाटल्या कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या. बाबा नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, दहाव्या दिवशी म्हणाले, सायकलमध्ये हवा कमी आहे, भरून घे. मी आईवर त्याहून जास्त दिवस रुसले होते. तिनं माझी साक्ष सगळ्यांसमोर खोटी पाडली होती, आणि ज्याच्यासाठी पाडली त्यानं तिला एक शब्द विचारला नव्हता. पण दर रविवारी सकाळी माझ्या पिशवीत एक छोटी बाटली ठेवलेली असायची आणि मी आत्याकडे डोकं धुवायला जायची. फक्त माझ्यापुरतं ती अजून कढवत होती. केस हळूहळू सुधारले. घरात कोणी विचारलं नाही की दर रविवारी कुठे जातेस. निघताना बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "आत्याला नमस्कार सांग." लग्न होऊन मी इंदूरला गेले तेव्हाही तो विषय त्या घरात तसाच, झाकण लावलेला होता. पाहुण्यांना पाणी द्यायचं बाबांनी सोडलं नाही. गोड आहे ना, हे विचारणं मात्र त्या संक्रांतीनंतर मी कधी ऐकलं नाही.

मग पुष्कळ वर्षांनी, बाबांना काठी लागली होती तेव्हा, एका सकाळी त्यांचा फोन आला. बाबा स्वतः कधी फोन करत नसत. ते म्हणाले, "कॉलनीत नळ आले. आपल्याकडे काल जोडला." मी म्हटलं, बरं झालं. "ये एकदा," ते म्हणाले. "डोकं धुऊन जा." माझे केस तोवर खांद्यापर्यंत कापलेले, निम्मे पांढरे. इंदूरला चांगलं पाणी होतं, न्हाणीघरात चार प्रकारच्या बाटल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी बस पकडली.

त्या रात्री आईनं तेल लावून दिलं. तोच वास. सकाळी मी नळाच्या पाण्यानं न्हाले आणि अंगणात, बोरिंगच्या झाकलेल्या पाइपाशेजारी, उन्हात केस सोडून बसले. बाबा काठी टेकत बाहेर आले. खुर्ची ओढून माझ्या मागे बसले. मग म्हणाले, "वळ गं जरा." जन्मात त्यांनी माझ्या केसांना हात लावला नव्हता. त्यांनी दोन बोटांत एक बट धरली, नोटा तपासताना धरायचे तशी, आणि सोडली. "तुझ्या आईचं तेल चांगलं होतं," ते म्हणाले. "तेव्हाही चांगलंच होतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई पदराला हात पुसत दारात आली आणि उंबऱ्यावरच उभी राहिली. "काय म्हणालात?" ती म्हणाली. "परत म्हणा."

बाबांनी परत म्हटलं.